बिस्बी : तांब्याचं गाव आणि तेवीस डबे

२०१९ साली आईबाबा आमच्याकडे फीनिक्सला आले होते तेव्हाची गोष्ट. ग्रँड कॅन्यन झालं, सेडोना झालं. मॉलला बाबांनी दुसऱ्याच दिवशी नकार दिला, "ते लोअर परळला काय कमी आहेत?" मग एका शनिवारी त्यांना घेऊन बिस्बीला गेलो. ॲरिझोनाच्या पार दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेपासून दहाएक मैलांवर, म्यूल पर्वताच्या घळीत कोंबलेलं हे गाव. उंची सुमारे ५,३०० फूट. १९५८ साली खोदलेल्या बोगद्यातून गाडी बाहेर पडते आणि एकदम दोन्ही बाजूंच्या उतारांवर रंगीबेरंगी घरं दिसायला लागतात, एकाच्या डोक्यावर दुसरं, गणपतीच्या आराशीत पुठ्ठ्याची घरं मांडावीत तशी.

गाव इतकं उभं आहे की जुन्या बिस्बीत पोस्टमन घरोघरी जात नाही, लोक स्वतः पोस्टात जाऊन टपाल आणतात. रस्त्यांऐवजी जिने. १९३०च्या मंदीत सरकारी रोजगार योजनेतून बांधलेले हे काँक्रीटचे जिने आता गावाची ओळख आहेत. दर ऑक्टोबरमध्ये हजारांहून जास्त पायऱ्या चढण्याची शर्यत होते आणि त्यासाठी लांबून लोक पैसे भरून येतात. आईला हे काही झेपेना. "खाणीतला माणूस पाळी संपवून रोज हेच चढत असणार ना? त्याला कोण पैसे देत होतं?"

खाली मेन स्ट्रीटवर आर्ट गॅलऱ्या, जुन्या पुस्तकांची दुकानं, कॉफी, आणि 'बिस्बी ब्लू' नावाचा निळा पिरोजा. तांब्याच्या खाणीत हा खडा अधूनमधून सापडायचा. कामगार तो जेवणाच्या डब्यात घालून बाहेर काढायचे, असं सांगतात. आज तो दागिन्यांच्या दुकानात काचेआड असतो आणि किंमत विचारल्यावर आपण दुसरीकडे बघायला लागतो.

आम्ही क्वीन माइनची सफर घेतली. डोक्याला हेल्मेट, त्याला दिवा, अंगात पिवळं जाकीट, आणि लाकडी बाकांसारख्या छोट्या आगगाडीवर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसायचं. सुमारे १,५०० फूट आत नेतात. आत बारा महिने आठेक डिग्री. आमचा गाइड पंचाहत्तरीच्या आसपासचा, स्वतः खाणीत काम केलेला. सुरुंगाची भोकं कोणत्या क्रमाने पाडायची, कोणतं आधी उडवायचं, हे त्याने हातवारे करून असं दाखवलं की इंग्रजी न कळताही बाबांना सगळं कळलं. बाबा लालबागचे. आयुष्यभर गिरणीत साच्यावर. यंत्राजवळ उभं राहून बोलणारा माणूस त्यांना लगेच ओळखू येतो.

बाहेर आल्यावर बाबांनी मला विचारलं, "इथे संप झालेला काय रे? विचार त्याला."

मी विचारलं. म्हातारा थांबला, बाबांकडे बघितलं, ते काय करायचे ते विचारलं, आणि मग बाकीचे लोक निघून गेल्यावरही आमच्याशी बराच वेळ बोलत राहिला. शेवटी म्हणाला, खाली वॉरनला बेसबॉलचं मैदान आहे, ते बघून जा.

त्या दिवशी ऐकलेलं आणि नंतर मी वाचून काढलेलं, असं दोन्ही मिळून हे लिहितो आहे. लांबलंय, पण वाचा.

१८७७ मध्ये अपाची लोकांच्या मागावर आलेल्या लष्करी तुकडीतल्या काहींना या डोंगरात धातूची चिन्हं दिसली. त्यांना सैन्याची नोकरी सोडून खोदता येईना, म्हणून त्यांनी जॉर्ज वॉरन नावाच्या माणसाला पैसे आणि सामान देऊन आपल्या वतीने दावे लावायला पाठवलं. वॉरनने त्यांना बाजूला ठेवून आपल्याच लोकांच्या नावाने दावे लावले. पुढे त्याच्या वाट्याला कॉपर क्वीन खाणीतला हिस्सा आला. १८८० मध्ये त्याने दारूच्या नशेत पैज लावली की घोडेस्वारापेक्षा मी पायी जास्त वेगाने धावेन, आणि हिस्सा हरला. ज्या खाणीने पुढे अब्जावधींचं तांबं दिलं तिचा भागीदार कफल्लक मेला. गंमत बघा, ॲरिझोनाच्या राजमुद्रेवर जो खाणकामगार उभा आहे तो याच वॉरनच्या फोटोवरून काढलेला, असं मानतात. आणि गावाला नाव मिळालं ते डिविट बिस्बी या सॅन फ्रान्सिस्कोच्या गुंतवणूकदाराचं. तो गावात एकदाही आला नाही म्हणे.

न्यूयॉर्कची फेल्प्स डॉज कंपनी १८८०च्या दशकात इथे उतरली. १८८५ मध्ये तिची आणि शेजारची खाण एक होऊन कॉपर क्वीन कंपनी झाली आणि त्यानंतर गाव कंपनीचंच झालं. हॉटेल कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, वाण्याचं मोठं दुकान कंपनीचं, रेल्वे कंपनीची, रोजचं वर्तमानपत्रसुद्धा कंपनीच्या हातात. १९०८ मध्ये आगीत मेन स्ट्रीट जळून खाक झाला आणि दोनेक वर्षांत विटांचा नवा बाजार उभा राहिला. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात तो बाजार हाच. एके काळी गाव आणि आसपासच्या वस्त्या मिळून वीस हजारांच्या वर माणसं होती. कॉर्नवॉलचे, आयर्लंडचे, सर्बियाचे, फिनलंडचे. मेक्सिकन माणसं भरपूर, पण त्यांना खाणीच्या आत जास्त पगाराचं काम द्यायचं नाही असा रिवाज. बिस्बी 'गोऱ्या माणसाचं गाव' म्हणून मिरवायचं. चिनी भाजीवाल्यांनी दिवसा भाजी विकावी, रात्री गावात राहू नये.

आता १९१७.

अमेरिका एप्रिलमध्ये पहिल्या महायुद्धात उतरली. तांब्याला सोन्याचा भाव. काडतुसं, तारा, सगळ्याला तांबं. कंपन्या प्रचंड नफ्यात, पण कामगारांची मजुरी तांब्याच्या भावाशी जोडलेली आणि महागाई त्याच्या पुढे. आयडब्ल्यूडब्ल्यू या जहाल संघटनेने मागण्या पुढे केल्या. जमिनीखाली काम करणाऱ्याला दिवसाला सरसकट सहा डॉलर. ड्रिलवर एकाऐवजी दोन माणसं. युनियनच्या माणसांशी भेदभाव बंद. कंपन्यांनी नकार दिला आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात संप सुरू झाला. हिंसाचार जवळजवळ नव्हता. पण वर्तमानपत्रांत रोज एकच सूर : हे संपवाले जर्मनीचे हस्तक आहेत, युद्धात देशाशी गद्दारी करताहेत. (हा सूर आपल्याला अनोळखी नाही, असो.)

१२ जुलैच्या पहाटे शेरीफ हॅरी व्हीलरने सुमारे दोन हजार नागरिकांना तात्पुरते पोलीस म्हणून शपथ दिलेली होती. ओळखीची खूण म्हणून दंडाला पांढरी पट्टी. त्या सकाळच्या पेपरात बायका-मुलांनी घराबाहेर पडू नये असं छापलेलं. सूर्य वर यायच्या आत ही माणसं बंदुका घेऊन घरोघरी गेली, खाटेवरून, नाश्त्याच्या टेबलावरून माणसं उचलली. नुसते संपवालेच उचलले असंही नाही. संपाला सहानुभूती दाखवणारे, त्यांना उधारीवर माल देणारे, कुणाशी जुनं भांडण असलेले असेही. लष्कराने नंतर या लोकांची मोजणी केली तेव्हा आयडब्ल्यूडब्ल्यूचे सदस्य साधारण एक तृतीयांश निघाले. दुसरे एक तृतीयांश वेगळ्या, मवाळ युनियनचे, आणि उरलेले कोणत्याच युनियनचे नव्हते. त्या सकाळी दोघे जण मेले, एक पांढऱ्या पट्टीचा आणि एक संपवाला.

मग या सगळ्यांना काही मैल चालवत वॉरनच्या बेसबॉल मैदानात नेलं. तिथे पर्याय दिला : कामावर परत या, पांढरी पट्टी बांधा, आणि सुटा. काहींनी बांधली. बाराशेच्या आसपास माणसांनी (नोंदीतला आकडा १,१८६) बांधली नाही. त्यांना गुरं वाहून नेणाऱ्या तेवीस डब्यांत भरलं. डब्यात शेण तसंच होतं. बाहेर जुलैचं वाळवंट. गाडी कंपनीच्याच रेल्वेची. तार आणि टेलिफोन ताब्यात घेतलेले, म्हणजे बातमी बाहेर जाऊ नये. न्यू मेक्सिकोतल्या कोलंबस गावाने या लोकांना उतरवून घ्यायला नकार दिला, तेव्हा हर्मानस नावाच्या आडस्थानकावर त्यांना सोडून दिलं आणि परत आलात तर याद राखा असं बजावलं. शेवटी लष्कराने त्यांना कोलंबसच्या छावणीत नेलं. सप्टेंबरपर्यंत ते तिथेच तंबूत. बहुतेक जण बिस्बीला कधीच परतले नाहीत. गावाच्या वाटांवर पुढे कित्येक महिने पहारे होते.

बायकामुलं मागे राहिली होती. ते तर कुठल्या आकड्यात येतच नाही.

आणि शिक्षा? अध्यक्ष विल्सन यांनी नेमलेल्या आयोगाने, ज्याचा वकील फेलिक्स फ्रँकफर्टर होता (तोच जो पुढे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला), हे सगळं पूर्णपणे बेकायदा होतं असा अहवाल दिला. खटले भरले. १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसांना एका राज्यातून हाकलून दुसऱ्या राज्यात टाकणं हा केंद्राच्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, राज्याने बघावं. राज्याने बघितलं. एका हार्डवेअर दुकानदारावर नमुन्यादाखल खटला चालला आणि ज्युरीने 'नाइलाजाने केलं' हा बचाव मान्य करून त्याला सोडलं. बाकीचे खटले मग चाललेच नाहीत. एकालाही शिक्षा झाली नाही.

त्यानंतर गावाने तोंड मिटलं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण ज्यांना हाकललं ते गेले आणि ज्यांनी हाकललं ते राहिले. शेजारी राहिले, चर्चला एकत्र जात राहिले, एकाच कंपनीत नातवंडं कामाला लागली. आता कोण कशाला विषय काढेल?

खाण आणखी अठ्ठावन्न वर्षं चालली. १९५०च्या दशकात भूमिगत कामाला जोड म्हणून उघडी खाण सुरू झाली, लॅव्हेंडर पिट. नाव फुलाचं वाटतं, पण ते हॅरिसन लॅव्हेंडर या कंपनीच्या अधिकाऱ्याचं आडनाव. सुमारे ३०० एकर, ९०० फूट खोल. हायवेच्या कडेला गाडी लावून जाळीतून बघता येतो. तांबडा, जांभळा, पिवळा, पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा. सुंदर दिसतो, हेच विचित्र आहे. या खड्ड्याने लोवेल नावाची शेजारची वस्ती बहुतेक सगळी गिळली, घरं उचलून दुसरीकडे नेली. लोवेलचा एक रस्ता तेवढा उरला आहे. हौशी लोकांनी तिथे पन्नासच्या दशकातल्या गाड्या, पाट्या, पेट्रोल पंप मांडून ठेवले आहेत. फोटोला उत्तम. माणूस एकही नाही.

डिसेंबर १९७४ मध्ये पिट बंद झाला, जून १९७५ मध्ये भूमिगत खाण. सुमारे आठ अब्ज पौंड तांबं काढून झाल्यावर. जी माणसं निघू शकत होती ती निघाली. घरं कवडीमोल झाली.

आणि इथून गावाची दुसरी गोष्ट सुरू होते. १९४३ पासून बंद असलेली जुनी क्वीन माइन पर्यटकांसाठी उघडायची कल्पना तेव्हाचे महापौर चक ईड्स यांची. गावातल्या लोकांनी, त्यात नुकतेच बेकार झालेले कामगारही होते, पदरमोड करून वर्षानुवर्षांचा राडारोडा उपसला. १ फेब्रुवारी १९७६ ला सफर सुरू झाली. म्हणजे खाण बंद होऊन आठ महिनेही झाले नव्हते. ज्या हातांनी तांबं काढलं तेच आता तांबं कसं काढतात ते दाखवू लागले. तेवढ्यातच स्वस्त घरांच्या शोधात चित्रकार, कुंभार, कवी, लांब केसवाली तरुण मंडळी आली. जुन्या खाणकामगारांना ती अजिबात आवडली नाहीत. पण पडकी घरं या मंडळींनीच शाकारली.

लोक म्हणतात बिस्बीने आपला वारसा जपला. मला वाटतं अर्धं श्रेय गरिबीला आहे. १९१०चा बाजार पाडून नवा बांधायला १९७५ मध्ये कुणाकडे पैसेच नव्हते. ज्या शहरांत पैसा होता तिथे जुने बाजार पडले. आपल्या गिरणगावाचं उलटं झालं, जागेला इतका भाव आला की गिरणी ठेवणं कुणालाच परवडेना. ठेवली ती चिमणी. परळच्या एका मॉलच्या आवारात ती उभी आहे, बाबा तिच्याकडे न बघता पुढे जातात.

पण कलाकार आणि पर्यटक आले म्हणून गाव वाचलं, हे पूर्ण खरं नाही. लोकसंख्या बघा. २०१० मध्ये ५,५७५ आणि २०२० मध्ये ४,९२३. गॅलऱ्या आहेत, जिन्यांची शर्यत आहे, उत्सव आहेत, जुनं १९०२चं कॉपर क्वीन हॉटेल भरलेलं असतं, तरी माणसं कमीच होताहेत. कारण सरळ आहे. खाणीत एका माणसाच्या कमाईवर घर चालत होतं. कॉफी विकून, खोल्या झाडून तसं चालत नाही. पर्यटनाने इमारती वाचवल्या. संसार वाचवणं हे वेगळं काम आहे.

दुसरं टोक बघायचं तर कोलोरॅडोतलं टेल्युराइड. तिथे चांदी-सोनं. तिथेही १९०४ च्या सुमारास संपवाल्यांना सैन्याने आगगाडीत घालून गावाबाहेर हाकललं होतं. हा त्या काळचा ठरलेला उपायच होता. बिस्बीच्या दोनच दिवस आधी, १० जुलै १९१७ ला, ॲरिझोनातल्याच जेरोममधून साठेक जणांना असंच गाडीत भरून कॅलिफोर्नियात पाठवलं गेलं. जेरोमची खाण १९५३ ला संपली, शंभराच्या आत माणसं उरली, त्यांनी स्वतःला 'भुताचं गाव' म्हणवून घेतलं आणि त्यावरच पोट भरलं. टेल्युराइडमध्ये मात्र १९७२ ला स्कीइंग आलं, मग ब्लूग्रास संगीताचा उत्सव, १९७४ ला चित्रपट महोत्सव. आज तिथली घरं कोट्यधीशांची आहेत आणि त्या घरांत स्वयंपाक करणारा, बर्फ उपसणारा माणूस तास-तासभर गाडी चालवून दुसऱ्या गावाहून येतो. यावेळी कुणी बंदूक दाखवली नाही. घरभाड्याने काम झालं.

बिस्बीचं वेगळेपण मला दुसरीकडेच दिसतं. तिथलं मुख्य संग्रहालय कंपनीच्याच जुन्या मुख्यालयात आहे, १८९७ च्या विटांच्या इमारतीत. ज्या घरातून हुकूम सुटायचे त्या घरात आता १९१७ची गोष्टही सांगितली जाते. २०१३ मध्ये याच गावाने समलिंगी जोडप्यांना नागरी नात्याची मान्यता दिली, ॲरिझोनात सगळ्यात आधी. आणि १२ जुलै २०१७ ला, शंभर वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, गावातल्या लोकांनी ती हकालपट्टी स्वतःच रस्त्यावर उभी केली. पांढऱ्या पट्ट्या, बंदुका, डबे, सगळं. रॉबर्ट ग्रीन यांनी त्याचा चित्रपट केला, 'बिस्बी १७'. त्यात एक कुटुंब आहे ज्यात एका भावाने दुसऱ्या सख्ख्या भावाला डब्यात चढवलं होतं. आणि आजही गावात असे लोक आहेत जे कॅमेऱ्यासमोर म्हणतात की तेव्हा जे केलं ते बरोबरच होतं. चित्रपटाने त्यांना गप्प केलेलं नाही, हे मला आवडलं. नाटक म्हणून सुरू झालेल्या गोष्टीत पट्टी बांधलेल्यांचे आणि डब्यात चढणाऱ्यांचे चेहरे शेवटी शेवटी बदलतात. बघाच.

मी आधी जरा साशंक होतो. वाटलं, झालं, हेही विकायला काढलं. पण मग वाटलं की शंभर वर्षांत याबद्दल ना न्यायालय बोललं, ना शाळेचं पुस्तक नीट बोललं. पर्यटक यावेत म्हणून गावाला इतिहासाकडे वळावं लागलं, आणि एकदा फडताळ उघडल्यावर आतून हेही पडलं. बाबांना हे म्हणालो तर ते म्हणाले, "बियाऐंशीचा संप अजून कुणी अधिकृत मागे घेतलेला नाही. अडीच लाख माणूस होतं. त्याचं नाटक कोण करणार, मॉलमध्ये?"

वॉरनचं मैदान १९०९चं. अजून वापरात आहे, देशातल्या सगळ्यात जुन्या बेसबॉल मैदानांपैकी एक म्हणून लोक बघायला येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा शाळेतली पोरं सराव करत होती. बाबा स्टँडमध्ये एका पायरीवर बसले. बाराशे माणसं इथे कशी मावली असतील ते मनात मोजत असावेत, कारण मध्येच म्हणाले, "मावतात." मग फोटो काढला आणि त्यांच्या चाळीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली मराठीत लिहिलं : संपवाल्यांना इथे उभं केलं होतं.

मुंबईत पहाट होत आली असावी. तरी लगेच कुणा जुन्या साचेवाल्याचं उत्तर आलं : "मग निकाल काय लागला?"

बाबांनी थोडा वेळ टाइप केलं, पुसलं, परत केलं, आणि फोन माझ्या हातात दिला. "तू लिही. नीट लिही." तेव्हा मी दोन ओळी लिहिल्या होत्या. बाकीचं हे.